फुटबॉलला पोर घातलंय? मग मैदानावर कसं वागायचं तेही शिकवा

उन्हाळी सुट्टीत शिबिराला घातलेलं पोर शाळा सुरू झाल्यावरही फुटबॉल सोडत नाही, तेव्हा घरच्यांच्या लक्षात येतं की हे प्रकरण लांबणार. मग स्टडचे बूट येतात, पहाटे नेहरूनगरच्या मैदानावर नाहीतर कुमठा नाक्याच्या क्रीडा संकुलात सोडायला कोण जाणार यावर घरात वाद होतात, आणि बघता बघता पहिला सामना येऊन ठेपतो. चेंडू कसा मारायचा, कसा अडवायचा हे तोवर सरांनी शिकवलेलं असतं. पंचांनी उघड उघड उलटा थ्रो दिला, म्हणजे बाहेर गेलेला चेंडू हातानं आत टाकायची पाळी भलत्याच संघाला दिली, तर काय करायचं, समोरचा पोरगा कळवळून पडला तर काय करायचं, सात गोलांनी हरत असताना कसं उभं राहायचं, हे मात्र कोणी सांगितलेलं नसतं. घरचं वळण चांगलं असलं की ते आपोआप येतं, अशी आपली समजूत असते. तसं होत नाही. घरात शहाणं असलेलं पोर धापा टाकत, उन्हात, बाहेरून बाबा ओरडत असताना वेगळंच वागतं. म्हणून हेही सरावातच घोटून घ्यावं लागतं.

कोल्हापुरात तालमींचं फुटबॉल घराघरांत मुरलेलं आहे, तिथल्या पोराला मैदानाची रीत काका-आजोबांकडून मिळते. आपलं सोलापूर पडलं क्रिकेटवेडं. इथे पोर, आई-वडील आणि कधी कधी शिकवणारे सरही एकदमच नवे असतात. हा लेख त्या सगळ्यांसाठी आहे, पण खरं सांगायचं तर पोरांपेक्षा मोठ्यांसाठीच जास्त.

पहिली पायरी: कागद आणि पिशवी

सुरुवात मैदानाच्याही आधी होते, जन्मतारखेच्या कागदापासून. शालेय स्पर्धा 14, 17 आणि 19 वर्षांखालील अशा गटांत होतात. नाव नोंदवताना कोणीतरी हळूच सुचवतं, "एक वर्ष कमी दाखवू, कोण बघतंय?" इथेच नाही म्हणा. वयाच्या त्या टप्प्यावर एका वर्षात पोराची उंची, वजन, ताकद सगळं बदलतं. सोळा वर्षांचा दांडगा मुलगा चौदाखालच्यांत खेळला की त्याच्या खांद्याचा साधा धक्काही समोरच्या बारक्याला उताणा पाडतो. राष्ट्रीय पातळीवर अखिल भारतीय फुटबॉल महासंघ मनगटाच्या एक्स-रेवरून हाडांचं वय तपासून घेतो, म्हणजे पोर खरंच चांगलं निघालं तर हे कधीतरी बाहेर येणारच. पण पकडले जाऊ ही भीती बाजूला ठेवली, तरी मला विचाराल तर मैदानावरच्या डझनभर फाऊलांपेक्षा त्या अर्जावरची ती एक सही वाईट. फाऊल रागाच्या भरात होतो, सही शांतपणे केलेली असते. आणि ती कोण करतंय, हे पोर बघत असतं.

आता पिशवी. शिनगार्ड, म्हणजे नडगीवर बांधायच्या ढाली, नियमानंच बंधनकारक आहेत आणि ते मोज्याच्या आत पूर्ण झाकलेले हवेत. अंगठी, कडं, साखळी, कानातलं, मनगटातले रबर बँड, यातलं काहीही घालून खेळता येत नाही. वरून चिकटपट्टी लावली तरी चालत नाही. आपल्याकडे गळ्यातला ताईत, रुद्राक्ष, मनगटातला दोरा यांवरून ऐन सामन्याच्या तोंडावर हमखास तणातणी होते. पंच काढायला सांगतात, पोर गोंधळतं, बाहेरून आजी नको म्हणते. हे बोलणं आदल्या रात्री घरातच उरकून टाका. काढलेली वस्तू कुठे ठेवायची तेही ठरवा, म्हणजे पोराचं लक्ष खेळावर राहील.

पाण्याची बाटली मोठी द्या. आपल्या उन्हात चार पोरांना पुरेल इतकी असली तर आणखी बरं, कारण समोरच्या संघातलं कोणीतरी रिकामी बाटली घेऊन आलेलं असतंच. पाणी मागितलं की द्यायचं, संघ विचारायचा नाही.

दुसरी पायरी: ओरडण्याआधी नियम माहीत करून घ्या

कडेला उभ्या असलेल्या पालकांचा बहुतेक संताप दोनच शब्दांवर होतो: ऑफसाइड आणि हॅण्ड. दोन्ही आधी समजून घ्या, अर्धी भांडणं तिथेच मिटतात.

ऑफसाइड म्हणजे समोरच्या संघाच्या बचावाला मागे टाकून त्यांच्या गोलजवळ आधीच उभं राहून साथीदाराचा चेंडू घेणं. ते बघताना खेळाडू कुठे उभा आहे हे साथीदारानं चेंडू मारला त्या क्षणी बघतात. चेंडू पायाशी आला तेव्हा तो कुठे होता, याला अर्थ नसतो. त्यामुळे पळत पुढे गेलेला पोरगा लांबून ऑफसाइड वाटतो आणि नसतो. शिवाय थ्रो, गोलकिक किंवा कॉर्नरवरून थेट चेंडू मिळाला तर ऑफसाइड होतच नाही. थ्रोवर "ऑफसाइड, ऑफसाइड!" असा गिल्ला करणारे पालक मी इतके पाहिलेत की आता पंचही वळून बघत नाहीत.

हॅण्डचं तसंच. चेंडू हाताला लागला म्हणजे दरवेळी फाऊल नाही. मुद्दाम हात लावला, किंवा हात असा पसरला की शरीराची आडकाठी उगाच मोठी झाली, तर फाऊल. दोन फुटांवरून जोरात मारलेला चेंडू अंगाला चिकटलेल्या हातावर आदळला, तर खेळ चालू राहतो. चेंडू हातावर लागून थेट गोल झाला, तर मात्र चुकून लागला असला तरी तो गोल धरत नाहीत.

कार्डांची पद्धत 1970 च्या मेक्सिको विश्वचषकापासून आली. पिवळं कार्ड फक्त आडदांड खेळासाठी असतं असं पोरांना वाटतं. त्यांना सांगा की पंचांशी हुज्जत घालणं, मुद्दाम वेळ काढणं, समोरच्यांना फ्रीकिक मिळाल्यावर चेंडूपासून ठरलेलं अंतर न सोडणं, गोल झाल्यावर अंगातला शर्ट काढणं, यालाही पिवळंच मिळतं. मोठ्या मैदानावर ते अंतर 9.15 मीटर असतं. लहान गटांच्या स्पर्धेत आयोजक ते कमी ठेवतात, सामन्याआधी विचारून घ्या. कोणावर थुंकणं, चावणं, मारणं आणि शिवी देणं, याला थेट लाल, म्हणजे मैदानाबाहेर.

तिसरी पायरी: पंच

स्थानिक सामन्यांत शिट्टी वाजवणारा बऱ्याचदा कॉलेजात जाणारा मुलगा किंवा मुलगी असते. ते चुकतात. विश्वचषकातले चुकतात, तर हे का नाही चुकणार? पोराला "पंच नेहमी बरोबर असतात" असं सांगू नका, कारण ते खोटं आहे आणि पहिल्याच सामन्यात त्याला ते कळेल. "पंचांचा निर्णय चुकला तरी सामना त्याच निर्णयावर पुढे जातो" असं सांगा. हे खरं आहे आणि नियमातही तसंच आहे.

नुसतं सांगून मात्र भागत नाही. नव्या प्रशिक्षकांसाठी एक उपाय आहे. आठवड्यातून एकदा सरावसामन्यातली दहा मिनिटं तुम्ही मुद्दाम चुकीचे निर्णय द्या. थ्रो उलटा द्या, नसलेला फाऊल द्या. पोरांना आधी एवढंच सांगून ठेवा की जो संघ कुरकुर करेल त्याचा चेंडू जाईल. पहिल्या दिवशी धुमाकूळ होतो. तिसऱ्या-चौथ्या वेळेला चमत्कार दिसतो: शिट्टी वाजते, पोरं तोंड वाकडं करतात आणि आपापल्या जागेकडे पळतात. तोंड वाकडं करायला हरकत नाही. पळणं महत्त्वाचं.

पंचांशी बोलायचंच असेल तर कर्णधारानं बोलायचं. 2024 च्या युरो स्पर्धेत हा दंडक मोठ्या खेळाडूंनाही लावला होता: निर्णयाबद्दल विचारायला फक्त कर्णधार जाईल, बाकीचे गेले तर पिवळं कार्ड. आपल्या बारक्यांच्या संघातही हेच चालवा. कर्णधाराला एक वाक्य पाठ करून द्या, "सर, काय दिलंत ते एकदा सांगाल का?" बाई असतील तर मॅडम. उत्तर मिळालं की माघारी. आणि आपल्या गावाची एक सवय आहे ना, ती पंचांसमोर खिशात ठेवायची. मित्रामित्रांत "काय बे" चालतं, त्यात प्रेमच असतं. पण पंढरपूर-बार्शीपलीकडून आलेल्या पंचाला ते प्रेम कळेलच असं नाही.

भाषेवरून आणखी एक. आपल्या एकेका संघात मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणारी पोरं असतात. मैदानावर एकमेकांना कोणत्याही भाषेत हाका मारा, मजाच येते. पण समोरच्याला कळणार नाही म्हणून दुसऱ्या भाषेत शिवी हासडायची युक्ती इथे चालत नाही. सोलापुरात कळतेच. कळली नाही तरी चेहऱ्यावरून कळते, आणि नियमात भाषेची सूट नाही.

चौथी पायरी: कोणी पडलं तर

आधी पडू नये म्हणून. आपली बरीच मैदानं मुरमाची, नाहीतर भेगाळलेल्या काळ्या मातीची. टीव्हीवर हिरवळीवर घसरत जाऊन केलेला टॅकल, म्हणजे समोरच्याच्या पायातून चेंडू काढणं, बघून पोरं इथे तसं करायला जातात आणि करणाऱ्याची मांडी सोलवटते, समोरच्याचा घोटा जातो. बारा वर्षांच्या आतल्या पोरांना मुरमावर घसरून टॅकल करायला बंदीच घाला. स्पर्धेच्या नियमात नसली तरी तुमच्या संघात घाला. उभ्यानं चेंडू काढायला शिकलेला बचावपटू पुढे जास्त उपयोगी पडतो, हा वरचा फायदा.

तरीही कोणी पडलं, तर? डोक्याला लागलं असेल तर सगळ्यांनी हात वर करून पंचांना हाक मारायची, मग ते पोर कोणत्याही संघाचं असो. डोक्याला मार लागलेलं पोर "मी ठीक आहे" म्हणालं तरी त्या दिवशी परत खेळवू नका. गरगरलं, उलटी झाली, विसरल्यासारखं बोलू लागलं तर सरळ दवाखाना. बाकी दुखापतींत चेंडू ज्यांच्या पायाशी आहे त्यांनी तो बाहेर मारायचा, अशी रीत आहे. मग थ्रो मिळालेला समोरचा संघ चेंडू परत त्यांच्याच गोलकीपरकडे देतो. ही रीत आहे, नियम नाही, म्हणून ती नव्या पोराला कोणीतरी सांगावी लागते.

न सांगितल्यानं काय होतं, याचा नामी दाखला इंग्लंडमधला आहे. फेब्रुवारी 1999 मध्ये एफए कपमध्ये आर्सेनल आणि शेफील्ड युनायटेड यांचा सामना 1-1 बरोबरीत होता. शेफील्डचा खेळाडू जखमी म्हणून त्यांनी चेंडू बाहेर मारला. आर्सेनलच्या खेळाडूनं थ्रो रीतीप्रमाणे त्यांच्याच दिशेनं परत टाकला, पण आर्सेनलकडून पहिलाच सामना खेळणारा न्वान्क्वो कानू मध्येच धावला, त्यानं चेंडू घेऊन पास दिला आणि मार्क ओव्हरमार्सनं गोल केला. नियमात बसणारा गोल, पंचांनी मान्य केला. मैदानात गदारोळ. आर्सेनलचे व्यवस्थापक आर्सेन वेंगर यांनी सामना संपताच पुन्हा खेळायची तयारी दाखवली, आणि सामना खरोखर पुन्हा झाला. आर्सेनलच जिंकलं, पुन्हा 2-1 नंच. दोन्ही संघांची पोरं समोर बसवून हा किस्सा सांगा आणि विचारा, चूक कोणाची? भांडणं मस्त होतात, आणि रीत कायमची लक्षात राहते.

चेंडू परत देताना समोरच्या कॉर्नरजवळ लांब मारून त्यांना कोंडीत पकडायचं, हा चावटपणा मोठे संघ करतात. पोरांना तो शिकवू नका, सरळ गोलकीपरकडे द्या.

खोटं पडणं वेगळं. स्वतःच्या पोराला हे करताना पाहिलंत तर पहिल्याच वेळी बोला. "हुशारी केली" म्हणून हसलात, की मग ते थांबत नाही.

पाचवी पायरी: रेषेबाहेरची माणसं

आता खरं दुखणं. पोरांच्या सामन्यात वातावरण बिघडतं ते बहुतेक वेळा मैदानात नाही, कडेला. आधी एक काका "दे ना पास!" म्हणतात, मग दुसरे "मार, मार, सोडू नको त्याला," मग समोरच्या बाजूची एखादी आई "त्याला काय म्हणताय?" आणि दहा मिनिटांत मैदानातली पोरं खेळ थांबवून बाहेरचा सामना बघत असतात.

नव्या पालकांनी एवढं केलं तरी पुष्कळ. उभं राहायचं ते कडेच्या रेषेपासून चार-पाच पावलं मागे. गोलामागे मुळीच नाही, तिथून गोलकीपरच्या कानात सगळं जातं आणि त्याचं वय दहा असतं. सूचना द्यायच्या नाहीत. सरांनी "मागे थांब" सांगितलेलं असतं आणि बाबा "पुढे जा" ओरडतात, तेव्हा पोर मध्ये उभं राहतं आणि दोघांच्याही शिव्या खातं. टाळ्या वाजवा, नाव घेऊन शाबासकी द्या, समोरच्या संघानं सुंदर गोल केला तर त्यालाही द्या. समोरच्या एखाद्या पोराचं नाव किंवा नंबर घेऊन मात्र काहीही बोलायचं नाही, चांगलं नसेल तर. मोठ्या माणसानं दहा वर्षांच्या परक्या पोराला "ए सात नंबर, जाड्या" म्हणणं, हे मी ऐकलेलं आहे. त्याचं समर्थन कोणत्याही गोलानं होत नाही.

मोबाइल. स्वतःच्या पोराचं शूटिंग करा, पण समोरच्या गोलकीपरच्या हातातून चेंडू सुटलेला व्हिडिओ हसऱ्या चेहऱ्यांसकट स्टेटसला टाकू नका. सोमवारी तो त्याच्या वर्गात पोचलेला असतो.

2019 पासून पंच प्रशिक्षकांनाही पिवळं-लाल कार्ड दाखवू शकतात. पालकांना कार्ड दाखवता येत नाही, पण बाहेरच्या लोकांमुळे खेळात अडथळा येत असेल तर पंचांना सामना थांबवायचा, अगदी रद्द करायचाही अधिकार आहे. म्हणजे तुमच्या एका आरड्यापायी बावीस पोरांचा सामना जाऊ शकतो. प्रशिक्षकांनी हंगामाच्या सुरुवातीलाच पालकांची बैठक घेऊन हे सांगावं, आणि एखाद्या शांत स्वभावाच्या आजोबांना, नाहीतर सगळे ज्यांचं ऐकतात अशा एखाद्या अण्णांना कडेची जबाबदारी द्यावी. कोणाचा आवाज चढला की त्यांनी जाऊन खांद्यावर हात ठेवायचा. पंचांनी गप्प केलं तर माणूस पेटतो. शेजारच्यानं केलं तर ओशाळतो.

सरांशी बोलायचं असेल, म्हणजे "माझ्या पोराला एक्स्ट्रा म्हणून का बसवलं" वगैरे, तर सामन्याच्या दिवशी नाही. दुसऱ्या दिवशी, पोर आजूबाजूला नसताना.

आणि परतीचा प्रवास. गाडीवर मागे बसलेल्या पोराला सामन्याचा हिशेब त्याच वाटेवर मागू नका. सात रस्त्यापासून जुळे सोलापुरापर्यंत "तो पेनल्टी कसा काय चुकला" ऐकत जाणारं पोर पुढच्या पेनल्टीला पाय उचलणार नाही. भूक लागली का विचारा. त्याला बोलायचं असेल तर ते बोलेल.

सहावी पायरी: शेवटची शिट्टी

हस्तांदोलन दोन्ही संघांनी रांगेत, पंचांशी आणि समोरच्या सरांशीही. हात पुढे करून ऐन वेळी मागे घ्यायची टवाळी पोरं करतात. सरांनी रांगेच्या शेवटी उभं राहून लक्ष ठेवावं. जिंकल्यावर नाचा, हलगी आणली असेल तर वाजवा, पण हात मिळवून झाल्यावर, आणि समोरचा संघ बसलाय त्याच्या तोंडावर नाही.

मोठ्या फरकानं जिंकत असाल तर जबाबदारी प्रशिक्षकाची. सहा गोल झाल्यावर पुढच्या पोरांना मागे खेळवा, मागच्यांना पुढे, गोलकीपरला बाहेर आणा, गोल मारण्याआधी पाच पास झाले पाहिजेत असं पोरांना कानात सांगा. मोठ्यानं सांगू नका. समोरच्यांना कळलं की त्यांच्यावर दया चाललीय, तर ते बारा गोलांपेक्षा जास्त लागतं.

चांगल्या वागण्याचा गुणतक्त्यातही उपयोग होऊ शकतो. 2018 च्या विश्वचषकात जपान आणि सेनेगल यांचे गुण, गोलफरक, केलेले गोल, आपसातला निकाल, सगळं सारखं झालं. मग पिवळी कार्डं मोजली: जपानची चार, सेनेगलची सहा. जपान पुढे गेलं. आता गंमत अशी, की हे माहीत असल्यानं जपाननं शेवटची दहा मिनिटं पोलंडविरुद्ध एका गोलानं हरत असताना चेंडू नुसता इकडेतिकडे फिरवला आणि प्रेक्षकांनी त्यांची हुर्यो उडवली. त्याच जपाननं बाहेर पडताना ड्रेसिंग रूम झाडून पुसून ठेवली होती. पोरांना दोन्ही सांगा. आपल्याकडे निदान केळ्यांच्या साली आणि पाण्याच्या पिशव्या तरी उचलूया.

बिघडलंच तर

मैदानात हाणामारी सुरू झाली तर बाकड्यावरच्या पोरांनी बाकड्यावरच थांबायचं. सोडवायला गेलेलं चौथं पोर पंचांना भांडायला आलेलं पाचवं दिसतं. पालकांनी रेषा ओलांडायची नाही, आपलंच पोर त्यात असलं तरी. आत जायचं ते दोन्हीकडच्या सरांनी, पंचांनी बोलावल्यावर, आणि प्रत्येकानं आपापली पोरं मागे ओढायची. दुसऱ्याच्या पोराला हात लावायचा नाही.

तुम्ही स्वतः स्पर्धा भरवत असाल तर हुज्जतीसाठी पिवळ्या कार्डाबरोबर थोडा वेळ बाहेर बसवायची तरतूद ठेवा. लहान गटांसाठी नियमांत ती सोय आहे: सामन्याच्या एकूण वेळेच्या 10 ते 15 टक्के. म्हणजे चाळीस मिनिटांच्या सामन्यात चार ते सहा मिनिटं. माझ्या मते दंडापेक्षा, समजुतीपेक्षा, पालकांना फोन करण्यापेक्षा हे जास्त लागू पडतं, कारण आपल्यामुळे मित्र एक गडी कमी घेऊन धावतायत हे पोराला बसल्या जागी दिसतं.

जात, धर्म, रंग, अंगलट किंवा मुलगी असण्यावरून कोणी बोललं, तर ते "मुलंच आहेत, चालायचंच" यात टाकू नका. मुलींचे संघ आता मैदानावर येऊ लागलेत आणि त्यांच्या चड्डीवरून, धावण्यावरून कडेची टोळकी बोलतात. "मुलीसारखा काय खेळतोस" हे वाक्य तर काही सरांच्याच तोंडी असतं. असं काही झालं की त्याच दिवशी वेळ, मैदान, काय शब्द वापरले, कोणी ऐकलं हे लिहून ठेवा आणि आयोजकांकडे लेखी द्या. तोंडी तक्रार चहाबरोबर विरघळते. शाळेचा संघ असेल तर एक प्रत मुख्याध्यापकांना द्या.

आणि शिवीगाळ करणारे तुमचे स्वतःचे सरच असतील तर? एकदा नीट, एकट्यात बोलून बघा. काहीजण फक्त जुन्या पद्धतीचे असतात आणि सांगितलं की सुधारतात. नाहीच ऐकलं, तर भरलेली फी सोडा आणि पोराला दुसरीकडे घाला. जाण्यामागचं कारण पोराला खरं सांगा, बाकी पालकांनाही.